जुन्या लुगड्याची गोष्ट अभ्यासकांच्या कागदांत कशी शोधावी

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या भागात जुन्या घरात एखादी तरी लोखंडी पेटी अशी असते, की तिच्या तळाशी आजीचे लुगडे घडी करून ठेवलेले असते. माझ्या आजीच्या पेटीत निघालेले लुगडे करवतकाठी होते. अंग कोशाचे, म्हणजे कोसा रेशमाचे, मधाच्या रंगाचे. काठ गडद तांबड्या सुताचा, आणि त्या काठातून करवतीच्या दात्यांसारखी टोके अंगात शिरलेली. ते कोणी विणले, कोणत्या साली घेतले, किती रुपये मोजले, हे सांगणारे माणूस घरात उरले नव्हते. त्या एका लुगड्यापायी मी गॅझेटियर, मोडी रुमाल (कापडात बांधलेली मोडी कागदांची पुडकी), संग्रहालयांची दाखलपत्रे आणि अभ्यासकांच्या टिपणवह्या वाचायला शिकले. ज्यांच्या घरी असे कापड आहे, किंवा ज्यांना आपल्या गावच्या विणकरांचा इतिहास लिहायचा आहे, त्यांच्यासाठी ती वाट येथे क्रमाने मांडते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. अभ्यासकाचा छापील ग्रंथ आणि त्याचे दप्तर या दोन निराळ्या वस्तू आहेत. ग्रंथात निष्कर्ष येतो. दप्तरात तो निष्कर्ष ज्यावर उभा आहे ते सगळे असते: खेड्यातल्या माणसाने दिलेली माहिती, बाजारात विचारलेला भाव, कापडाचा कापून घेतलेला तुकडा, खोडलेले वाक्य, उत्तर न आलेले पत्र. ग्रंथ छापताना जागेअभावी किंवा क्षुल्लक वाटले म्हणून जे गळते, तेच पुष्कळदा आपल्याला हवे असते. विणकराचे गाव, लुगड्याची किंमत आणि धोट्यांची (विणताना आडवा धागा नेणाऱ्या साधनांची) संख्या ग्रंथात क्वचित सापडतात. चिठोऱ्यांवर त्या असतात.

आधी कापड, मग कागद

कागदांकडे जाण्याआधी कापडाची पूर्ण नोंद करावी, कारण काय शोधायचे हे ठाऊक नसलेला माणूस दप्तरात महिनोन्‌महिने हरवतो. स्वच्छ, धुतलेल्या सुती चादरीवर कापड पसरावे, हात धुऊन कोरडे करावेत, अंगठी-बांगड्या काढून ठेवाव्यात. लांबी-रुंदी इंचात आणि सेंटिमीटरमध्ये, दोन्ही मापांत लिहावी. जुन्या नोंदी हात, गज आणि वार यांत असतात, आणि पुढे ताडून पाहताना त्याचा उपयोग होतो. भिंग घेऊन एका इंचात ताण्याचे (उभे) आणि बाण्याचे (आडवे) किती धागे आहेत ते किमान पाच ठिकाणी मोजावे. सगळ्या नोंदी पेन्सिलीने कराव्यात, कारण शाईचा एक थेंब शंभर वर्षांच्या कापडावर पडला तर तो कधीच निघत नाही.

मग कापड उलटे करावे. पवनीकडच्या, विणकरांच्या कोष्टी समाजातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला हे शिकवले. लुगडे हातात घेताच त्यांनी सुलट बाजूकडे लक्षही दिले नाही. काठ उलटून, बोट दात्यावरून फिरवून, हे तीन धोट्यांचे काम आहे एवढेच त्या बोलल्या. करवतकाठी विणताना दोन्ही काठांचे दोन धोटे आणि अंगाचा एक धोटा स्वतंत्र चालतात, आणि प्रत्येक ओळीत काठाचा बाणा अंगाच्या बाण्यात अडकवून मागे फिरवला जातो. त्यामुळे दाता उलट बाजूनेही तितकाच स्वच्छ दिसतो, मागे लोंबते धागे राहत नाहीत. भिंगातून पाहिले तेव्हा मला दिसले, की माझ्या आजीच्या लुगड्यात साधारण दर वीतभर अंतराने एक दाता शेजारच्यांपेक्षा किंचित बुटका आहे. तो का, हे मला तेव्हा कळले नाही. पण वहीत लिहून ठेवले. न कळलेली गोष्ट लिहून ठेवणे हा या कामाचा पहिला नियम आहे.

सुताकडे पाहताना घाईने काळ ठरवू नये. गिरणीचे सूत एकसारखे असते आणि चरख्याचे सूत कमीजास्त जाडीचे, हे खरे. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, आणि विलायती सूत त्याच्याही आधीपासून विणकरांपर्यंत पोहोचत होते. म्हणून हातसुताचे कापड म्हणजे जुने कापड, असा समज होतो. परंतु १९२५ साली अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला आणि गांधीजी वर्धा-सेवाग्रामला आल्यावर आपल्या भागात हातसूत पुन्हा मोठ्या प्रमाणावर निघू लागले. म्हणजे हातसुताचे धोतर १८५० चेही असू शकते आणि १९४० चेही. रंगाचेही तसेच आहे. झगझगीत जांभळा रंग दिसला तर कापड १८५६ नंतरचे असण्याचा संभव मोठा, कारण पहिला कृत्रिम जांभळा रंग त्या वर्षी निघाला. तांबडा मात्र फसवतो. आल नावाच्या झाडाच्या मुळांचा तांबडा आणि १८६९ नंतर कारखान्यात तयार होऊ लागलेला तांबडा यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. मनाने ठरवू नये.

धागा कोशाचा की सुताचा अशी शंका असेल, तर आधीच सुटून आलेला एखादा धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. कोशाला केस जळल्याचा वास येतो आणि चुरडणारी काळी गोळी राहते; सुताला कागद जळल्याचा वास येऊन मऊ राख उरते. या परीक्षेसाठी कापडातून धागा मुद्दाम ओढू नये.

कागद कोठे आहेत

विदर्भाच्या बाबतीत ही पायरी अवघड आहे, आणि तिचे कारण आपल्या राजकीय इतिहासात आहे. नागपूरचे राज्य तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर १८५३-५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. त्याच १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडला गेला, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. प्रत्येक वेळी दप्तरे हलली. म्हणून अकोला, बुलढाणा किंवा अमरावतीकडचे १८५३ पूर्वीचे कागद हैदराबादेत शोधावे लागतात, मध्य प्रांताच्या काळातले काही भोपाळला, काही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात. आणि जवळ जे आहे ते नागपूरच्या शासकीय पुराभिलेखागारात, विदर्भ संशोधन मंडळात आणि १८६३ साली सुरू झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात. खादी आणि सूतकताईसाठी वर्ध्याचे मगन संग्रहालय अवश्य पाहावे. ते १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते उघडले गेले.

जाण्यापूर्वी घरी बसून छापील साधने वाचून घ्यावीत. रिचर्ड जेंकिन्सचा नागपूर राज्यावरचा १८२७ चा अहवाल, १८७० ची मध्य प्रांत आणि वऱ्हाडची गॅझेटियरे, त्यानंतरची जिल्हावार गॅझेटियरे, आणि या. मा. काळे यांचे नागपूर प्रांताचे व वऱ्हाडचे इतिहास एवढे पुरेसे आहे. उमरेड आणि पवनी येथे रेशीमकाठी कापडाचा हातमाग मोठा होता, हे यांतूनच कळते. यांतली बरीच पुस्तके इंटरनेटवरच्या सार्वजनिक ग्रंथसंग्रहांत मोफत मिळतात. शोधताना जुनी वळणे वापरावीत: इंग्रजी नोंदींत नागपूर ‘नागपोर’ होते, वऱ्हाड ‘बेरार’, उमरेड ‘उमरेर’, आणि अमरावतीच्या बाजारातून जाणाऱ्या कापसाला तर व्यापारी जगात ‘ऊमरा’ हेच नाव पडले होते. आजच्या नावाने शोधून काहीच न मिळाल्यामुळे माझा पूर्ण एक उन्हाळा वाया गेला होता.

मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या, रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडांबद्दल थोडे जास्त सांगते, कारण कोष्टी, साळी, रंगारी, छिपा या सगळ्यांविषयी प्रत्येक जण तेथेच जातो आणि मजकूर उतरवून परत येतो. त्या लेखांच्या तळटिपा वाचाव्यात. अनेक लेखांच्या आरंभी, ही माहिती कोणी पुरवली, कोणत्या तहसीलदाराने, कारकुनाने किंवा शाळामास्तराने टिपण पाठवले, ते दिलेले असते. म्हणजे पुस्तकावर नाव दोघांचे असले, तरी त्यामागे खेड्यापाड्यांतल्या लिहित्या माणसांचे एक मोठे जाळे आहे. एखाद्या रीतीचे वर्णन ज्या माणसाने पाठवले तो कोठे नोकरीला होता, हे कळले की ते वर्णन कोणत्या तालुक्याचे आहे हे कळते, आणि ‘कोष्टी असे करतात’ या सरसकट वाक्याला गाव मिळते. त्या लेखांत जातींविषयीचे साहेबी पूर्वग्रहही भरपूर आहेत. वर्णन आणि शेरा वेगळे करूनच ते वाचावेत. शेरा आपल्या लेखनात उचलू नये.

टिपणे आणि नमुने कसे वाचावेत

नमुन्यासह असलेले दप्तर ही सर्वांत मोलाची चीज. जगभर गाजलेले उदाहरण आंत्वान द बोल्यू या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याचे आहे. १७३४ च्या सुमारास त्याने पाँडिचेरीत छिटाचे कापड रंगवताना पाहिले, आणि प्रत्येक टप्प्यानंतर त्याच कापडाचा तुकडा कापून हस्तलिखितात लावला. असे अकरा तुकडे पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहेत. विसाव्या शतकात पी. आर. श्वार्ट्झ या अभ्यासकाने ते हस्तलिखित उजेडात आणले, तेव्हा हिरड्याची प्रक्रिया, मेण लावणे, निळीत बुडवणे, तांबडा चढवणे या साऱ्या कृतींचा क्रम शब्द आणि कापड समोरासमोर ठेवून पाहता आला. नुसत्या वर्णनावरून जो वाद दशकानुदशके चालला असता, तो तुकडा पाहून मिटतो.

नमुना कोणी आणि कशासाठी घेतला, हे मात्र प्रत्येक वेळी विचारावे. जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये हिंदुस्थानी कापडांचे ७०० नमुने १८ खंडांत लावले आणि असे २० संच तयार केले. १३ विलायतेतल्या गावांना दिले, ७ हिंदुस्थानात पाठवले. नमुन्यासोबत गाव, लांबी, रुंदी, वजन आणि किंमत यांची नोंद असते, आणि आज त्या नोंदी विणकामाच्या इतिहासाला सोन्यासारख्या आहेत. परंतु त्या घेण्याचा हेतू असा होता, की मँचेस्टरकडच्या गिरणीवाल्यांना इथल्या लोकांना काय आवडते ते कळावे आणि तसे कापड त्यांना काढता यावे. अखंड लुगडी, पागोटी आणि धोतरे त्यासाठी कापली गेली. म्हणून त्या खंडात पदर एका पानावर सापडतो आणि अंग सापडतच नाही. किंमत वाचतानाही लक्षात ठेवावे, की ती गिऱ्हाइकाने दिलेली आहे; मागावर बसणाऱ्याच्या हाती त्यातले किती पडले, ते तेथे नाही.

नोंद नसली तर काय होते, याचेही उदाहरण पाहावे. पर्सी न्यूबेरी या इजिप्तच्या अभ्यासकाने कैरोत ठशांच्या हिंदुस्थानी कापडाचे बाराशेच्या आसपास तुकडे विकत घेतले होते, आणि १९४६ मध्ये ते ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात आले. ते उत्खननातून थराच्या नोंदीसह आलेले नव्हते, त्यामुळे काळ ठरवणे फार कठीण झाले. रूथ बार्न्स यांनी पुढे एकेक तुकडा नोंदवला, काहींची कार्बन कालमापन पद्धतीने तपासणी झाली, आणि गुजरातेतून गेलेल्या या कापडांपैकी काही लोकांच्या अंदाजाहून कितीतरी जुनी निघाली.

आता प्रत्यक्ष वाचनाची रीत. दप्तराचे बाड समोर आले की आधी त्याचा क्रम जसाच्या तसा वहीत उतरवावा आणि तो कधीही मोडू नये, कारण कोणता कागद कोणत्या कागदाला लागून आहे यातही माहिती असते. एका ठिकाणी मी घाईत तीन पुडक्यांची छायाचित्रे घेतली आणि पुडक्याचा क्रमांक दाखवणारी चिठ्ठी छायाचित्रात ठेवायला विसरले. घरी आल्यावर कोणती किंमत कोणत्या वर्षाची, हे काही केल्या लागेना. पुन्हा परवानगी मिळायला पाच महिने गेले. तेव्हापासून पहिले छायाचित्र क्रमांकाच्या चिठ्ठीचे, दुसरे पूर्ण पानाचे, तिसरे हव्या त्या ओळीचे, असाच क्रम मी ठेवते.

एका विषयावरच्या सुट्या चिठ्ठ्या अभ्यासकाने स्वतः लावून ठेवल्या असतील, तर त्याची लावणी समजून घ्यावी. गोइटाइन या अभ्यासकाने कैरोतल्या सिनेगॉगमधल्या मध्ययुगीन कागदांवर काम करताना सुमारे २७,००० चिठ्ठ्या लिहिल्या. त्यांत हिंदुस्थानच्या किनाऱ्याशी चालणाऱ्या व्यापाराचे आणि कापडाचे धागे विखुरलेले आहेत. आपल्याकडे इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेल्या कागदांचे धुळ्याचे दप्तर, किंवा हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या ही त्याच जातीची कामे आहेत. ओव्यांचा संग्रह विषयवार लावलेला आहे. भाऊ, माहेर, सण असे विषय पाहत गेले की लुगड्या-चोळीचा उल्लेख कोणत्या नात्यात आणि कोणत्या प्रसंगी येतो, ते दिसू लागते. ते कोणत्याही सरकारी कागदात दिसणार नाही.

सन, नाव, माप

मोडी कागदांत सन कोणता ते आधी ठरवावे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९. दख्खनी फसलीत ५९०. शुहूर सनात ५९९. महिना पाहून एका वर्षाचा फरक पडू शकतो, म्हणून मूळ सन जसा आहे तसा लिहून शेजारी आपला हिशेब लिहावा. मोडी येत नसेल तर शिकवणारे वर्ग निघतात. चार-सहा महिन्यांच्या नियमित सरावाने कापडाच्या याद्या वाचता येऊ लागतात, कारण त्यांत शब्द तेच ते येतात: शेला, पागोटे, धोतरजोडा, खण, लुगडे. कापडाच्या नावाने मात्र फसू नये. जे गावाचे नाव असते तेच पुढे प्रकाराचे होते, आणि मग त्या गावाबाहेर विणलेले कापडही त्याच नावाने विकले जाते. एका संग्रहात मी करवतकाठी कापडाखाली ‘पैठणी’ अशी पाटी पाहिली आहे. दाखलपत्र काढून पाहिले तर देणाऱ्याने नुसते ‘जुने रेशमी लुगडे’ लिहिले होते. पैठणी हा शब्द पुढे केव्हातरी चढला होता.

कागद जेथे गप्प आहेत

कागदात कोण आहे याइतकेच कोण नाही, हे लिहावे. नाशिकच्या लेण्यातल्या उषवदाताच्या लेखात विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कोलिक निकायांकडे, ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवल्याची नोंद आहे: २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, भिक्षूंच्या वस्त्रासाठी, आणि १००० पाऊण टक्क्याने. जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीचा व्याजाचा दर आपल्याला कळतो. पण एकाही विणकराचे नाव कळत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अहवालांतही हेच चालू राहते. माग पुरुषाच्या नावाने मोजला जातो. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसे सांभाळणारे ढिवर, उकडलेल्या कोशाचा धागा मांडीवर वळणाऱ्या बाया, कांड्या (धोट्यात घालायच्या धाग्याच्या नळ्या) भरणारी पोरे, खळ देऊन ताणा उन्हात पसरणारे सगळे घर हिशेबाबाहेर राहते.

ही जागा भरायची तर कागद घेऊन माणसांकडे जावे लागते. आंधळगाव, मोहाडी, पवनी, नागभीड, आरमोरी या भागांत हे काम केलेली वयस्क माणसे अजून आहेत. त्यांच्याकडे जाताना आपल्या निष्कर्षाची विचारणा करू नये. जुन्या नमुन्याचे मोठे छायाचित्र त्यांच्या हाती द्यावे आणि गप्प बसावे. आजीच्या लुगड्यातल्या बुटक्या दात्याचे कारण मला असेच कळले. छायाचित्र पाहून त्या कोष्टी बाईंनी सांगितले, की कांडी संपते तेथे नवी जोडताना हात जरा आखडतो. आणि कांडी किती भरायची हे भरणाऱ्या बाईच्या हातावर असते. म्हणजे वीतभर अंतरावरचा तो दाता विणकराचा नव्हता. कांडी भरणारीचा होता. हे त्यांचे सांगणे आहे, सिद्ध झालेले नाही, आणि माझ्या वहीत ते तसेच लिहिलेले आहे.

म्हणूनच वहीत तीन रकाने ठेवावेत: कापडात काय दिसते, कागद काय म्हणतो, माणूस काय सांगतो. तिन्ही जुळले तर ठामपणे लिहावे. दोन जुळून तिसरे विरुद्ध गेले तर तो विरोध उघड मांडावा. फक्त एकाचाच आधार असेल, तर वाक्यात त्या एकाचे नाव घ्यावे. ‘परंपरेने असे मानले जाते’ हे वाक्य मी वापरत नाही. कोणी, कोठे आणि केव्हा मानले, ते लिहिते.

आपले दप्तर

हे सारे करताना तुमचेही एक दप्तर तयार होते, आणि ते उद्याच्या माणसाला वाचता यावे असे ठेवावे. कापड घडी न घालता खळ काढलेल्या मलमलीत गुंडाळावे, प्लास्टिकमध्ये बांधू नये, कडक उन्हात टाकू नये. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नयेत. पावसाळा संपल्यावर वर्षातून एकदा उघडून कसर आणि बुरशी पाहावी. प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी असावी, आणि त्याच्या नावात तारीख, गाव व क्रमांक असावा.

बोल्यूचे अनुकरण करणे आजही शक्य आहे. ज्या घरी माग अजून चालू आहे तेथे विणकराला योग्य मोबदला देऊन प्रत्येक टप्प्याचा नमुना मागून घ्यावा: कच्चा कोसा, उकडलेला कोसा, वळलेला धागा, खळ दिलेला ताणा, तीन धोट्यांनी विणलेला चार बोटे काठ. प्रत्येक नमुन्याखाली काम करणाऱ्या माणसाचे नाव त्याला विचारून, त्याच्या संमतीने लिहावे. कांडी भरणाऱ्या बाईचेही. वहीची एक प्रत त्या घरी द्यावी आणि दुसरी तालुक्याच्या वाचनालयात दाखल करून तिचा दाखलक्रमांक आपल्या प्रतीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.